थांबलेले टिंब

बोरिवलीच्या माणसाला दिशा शिकवाव्या लागत नाहीत. रेल्वेचे रूळ दक्षिणोत्तर पसरलेले. त्यांच्या एका अंगाला पूर्व आणि दुसऱ्या अंगाला पश्चिम, एवढे कळले की सारे पत्ते आपोआप उलगडतात. पूर्वेला राहणाऱ्या आमच्यासारख्यांना आणखी एक खूण लाभली आहे, ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांची. सकाळी ऊन डोंगरामागून येते आणि संध्याकाळी गाडीतून उतरलेली माणसे डोंगराच्या रोखाने घरी चालू लागतात. माझी बहीण याच डोंगराच्या पलीकडे, मुलुंडला राहते. तिथे डोंगर पश्चिमेला येतो आणि सूर्य खाडीकडून उगवतो. तिच्याकडे मुक्कामाला गेले की पहिला दिवसभर मला जग उलटे मांडल्यासारखे वाटते.

अशा भरवशाच्या मुलखात चाळीस वर्षे राहिलेला माणूस परदेशात रस्ता चुकला, तर घरच्यांच्या मनात पहिली शंका रस्त्याविषयी येत नाही. त्या माणसाविषयी येते. आमच्याकडे तसेच झाले.

हे बहात्तर वर्षांचे. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर प्रकृती ठणठणीत. राष्ट्रीय उद्यानात सायकल चालवण्याचा यांचा नेम जुना. प्रवेशद्वारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता शेवटी चांगलाच चढाचा आहे. पूर्वी तो न उतरता चढत असत, आता मधल्या वळणावर उतरून सायकल हाताने नेतात. मुलगी नेदरलँड्समध्ये आम्स्टेलवेन या गावी असते. गेल्या वर्षी जूनमध्ये तिच्याकडे दोन महिने राहायला जाण्याचे ठरले, तेव्हा यांनी कपड्यांच्या आधी सायकलचा विचार केला. मुलीने मात्र अट घातली, की बाबा एकटे जाणार असतील तर फोनमध्ये मार्गाची नोंद चालू ठेवायची आणि आपण कुठे आहोत ते घरी दिसेल अशी व्यवस्था करायची.

“म्हणजे मी जामिनावर सुटलेला कैदी,” हे म्हणाले. “मुंबईहून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आले. त्यांच्या घरी कोणी पडद्यावरचे टिंब बघत बसले होते काय?”

“ते तरुण होते,” मी म्हणाले. यावर यांच्यापाशी उत्तर नव्हते. पण मान्यताही नव्हती. अखेर असा तह झाला, की ठावठिकाणा कळवायचा तो यांनी, यांच्या हाताने, निघताना. मुलीने किंवा मी यांच्या फोनमध्ये परस्पर काही बसवायचे नाही. व्हॉट्सॲपवर आपले ठिकाण पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास दुसऱ्याला थेट दिसत राहील असे करता येते. मुदत संपली की ते आपोआप बंद होते. यांनी आठ तासांचा पर्याय पसंत केला, कारण त्यात संध्याकाळ झाली की सुटका होती.

जाण्यापूर्वी दोन महिने उद्यानात रंगीत तालीम झाली, आणि तिच्यात मला एक गोष्ट नीट उमगली. ती परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांच्या आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे. नोंद ठेवणे आणि कळवणे ही दोन निराळी कामे आहेत. फोन आपली जागा ओळखतो ती सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ऐकून. तो नुसता ऐकतो, उपग्रहाला काही पाठवत नाही. त्यामुळे इंटरनेट नसले, परदेशातले सिमकार्ड घेतलेले नसले, तरी आपण कुठून कुठे गेलो याची रेघ फोनमध्ये उमटत राहते. नकाशा मात्र घरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवावा लागतो. नाहीतर कोऱ्या पडद्यावर एकटे टिंब तेवढे दिसते. तेच टिंब दुसऱ्याच्या फोनवर दिसायचे असेल तर इंटरनेट अनिवार्य. उद्यानाच्या आतल्या भागात यांच्या फोनला ते मिळत नसे. परिणामी यांचे टिंब वळणापाशी थबके आणि अर्ध्या-पाऊण तासाने एकदम प्रवेशद्वाराशी प्रकट होई. मधल्या वेळात मी देवघर आणि गॅलरी यांच्यामध्ये येरझारा घालत असे.

रेघेवर तरी किती विसंबावे? उघड्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींच्या दाटीत मात्र संदेश भिंतींवर आपटून येतात आणि रेघ भरकटते. एकदा अंधेरीहून घाटकोपरला रिक्षाने जाताना हे नोंद बंद करायला विसरले. वर मेट्रोचा पूल, दोन्ही बाजूंना इमारती. घरी येऊन पाहतो तो रेघ एखाद्या झिंगलेल्या माणसासारखी या गल्लीतून त्या गच्चीवर गेलेली, आणि ‘आजचा सायकलप्रवास’ या मथळ्याखाली यांचा वेग मोटारीला लाजवणारा. तो आकडा यांनी बरेच दिवस पुसू दिला नाही.

आम्स्टेलवेनला पोहोचल्यावर पहिला धडा फोनने नव्हे, सायकलने दिला. तिथल्या पुष्कळशा साध्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो. पायडल उलटे फिरवले की मागचे चाक थांबते. आपल्याकडे थांबताना सहज पायडल मागे फिरवण्याची सवय असते. यांनी तसे केले आणि जागच्या जागी कलंडता कलंडता वाचले. उतारवयात सायकलवरून पडणे पुष्कळदा चढता-उतरताना होते. म्हणून मुलीने दुसऱ्या दिवशी मधला दांडा खाली असलेली, तिकडे आजीबाईंची म्हणून ओळखली जाणारी सायकल आणली. ‘आजीची’ हे विशेषण यांनी मोठ्या मनाने गिळले. रक्त पातळ होण्याची गोळी जे घेतात त्यांनी तर डोक्याला किरकोळ मार बसला, वरून काही दिसत नसले, तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवूनच निघावे.

त्या देशात १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरणे हा गुन्हा आहे. दांड्यावरच्या पकडीत तो बसवलेला चालतो. मला हा कायदा फार आवडला. फोनच्या बंद पडद्यावरही आपला रक्तगट, औषधे आणि घरच्यांचा क्रमांक दिसेल अशी सोय असते. ती माहिती आम्ही इंग्रजीत भरली. युरोपभर चालणारा ११२ हा आपत्कालीन क्रमांक यांना पाठ करायला लागला नाही, कारण आपल्याकडेही तोच आहे.

नेदरलँड्समध्ये सायकलवाल्यांसाठी आणखी एक सुरेख व्यवस्था आहे आणि तिला फोन लागत नाही. जिथे सायकलचे मार्ग एकमेकांना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला एक अंक दिलेला असतो. आपल्याला जायचे त्या मार्गावरचे अंक क्रमाने चिठ्ठीवर लिहून घ्यायचे आणि पाट्या पाहत एका अंकावरून पुढच्या अंकावर जायचे. बहुतेक अशा ठिकाणी नकाशाचा मोठा फलकही असतो. ही कल्पना मूळची शेजारच्या बेल्जियममधली, १९९० च्या दशकातली. हे रोज चिठ्ठी लिहीत आणि सदऱ्याच्या खिशात ठेवत. ज्येष्ठांच्या मार्गदर्शनासाठी यंत्रापेक्षा ती चिठ्ठी मला अधिक विश्वासाची वाटे.

आम्स्टेलवेनजवळ आम्स्टेल नदीकाठी औडरकर्क नावाचे जुने गाव आहे. त्याच्या दक्षिणेला रोंडे हूप हा पाण्याच्या पातळीखाली असलेला गवताळ प्रदेश. त्याच्या मध्यात रस्ता नाही, घर नाही; नुसते कुरण आणि पक्षी. सभोवती नद्यांच्या बांधावरून गोल रस्ता जातो. डोंगर तर नाहीच, साधा उंचवटाही दृष्टीस पडत नाही. चारी दिशांना तेच गवत, त्याच गाई, तेच ढग. या रस्त्याला यांनी दोन-तीन फेऱ्या मारल्या होत्या. जूनच्या अखेरीस एका दुपारी तीन वाजता हे पुन्हा तिकडे निघाले आणि सहापर्यंत येतो म्हणाले.

पाचनंतर मी सहज फोन पाहिला. टिंब वाव्हर नदीच्या अगदी काठाला थांबले होते आणि त्याखाली शेवटची नोंद पाच वाजून दहा मिनिटांची होती. सहा वाजले. टिंब तिथेच. फोन लावला तर बंद. बोरिवलीला रात्रीचे साडेनऊ झाले होते, तिथून मुलाने विचारले, “आई, बाबांचे टिंब पाण्याजवळ का आहे?” ज्या शब्दाचा उच्चार मी टाळत होते तोच त्याने नेमका उच्चारला. मुलगी कामावरून आली आणि सायकल घेऊन शोधायला निघाली. मी खिडकीशी बसले. तिथे जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. बाहेर लख्ख ऊन होते, आणि घड्याळाकडे पाहिले की माझ्या मनात बोरिवलीची दिवेलागण होऊन गेलेली असे.

सव्वाआठला हे स्वतःच्या पायांनी दारात उभे राहिले. मुलगी दुसऱ्या वाटेने गेली होती. तिला फोन करून परत बोलावले. यांच्या चेहऱ्यावर थकवा होता, संकोचही होता. म्हणाले, “बॅटरी संपली.” बस्स, एवढेच. जेवण मुकाट्याने झाले.

रात्री फोन भारित झाल्यावर मुलीने त्यातली रेघ उघडली. औडरकर्कपासून नदीच्या बांधाने ती नीट जात होती. मग एका पुलाने पलीकडे गेली, थोडी पुढे, परत मागे, पुन्हा पुलापाशी, तिथे बराच वेळ, पुन्हा पुढे, आणि पाच दहाला पाण्याच्या काठी तुटली. मुलीने माझ्याकडे पाहिले. ती काय समजली ते मला कळले, कारण मीही तेच समजले होते. विसरल्यासारखे मागे-पुढे करणारी ती रेघ आम्हा दोघींना एखाद्या निदानासारखी वाटली.

हे बाजूलाच बसले होते. “मला विचाराल तर सांगतो,” म्हणाले. नेहमीच्या रस्त्यावर काम चालू होते आणि पिवळी पाटी पुलापलीकडे वळवत होती. पुढे गेल्यावर दुसरी पाटी दिसेना, म्हणून खात्री करायला मागे आले. तेवढ्यात नावा जायच्या म्हणून पूल उचलला गेला, तो खाली येईपर्यंत थांबले. पुन्हा पाटीप्रमाणे गेले. चिठ्ठीवर नसलेले अंक लागू लागले आणि त्याच वेळी फोन मिटला. मग?

“मग लांबून गाडीचा आवाज आला.”

तो आम्स्टरडॅम-उट्रेख्ट मार्ग. रुळांच्या रोखाने हे अबकाउडे नावाच्या गावात पोहोचले. तिथल्या फलकावरून औडरकर्कपर्यंतचे अंक चिठ्ठीच्या पाठीवर उतरवून घेतले आणि त्या अंकांच्या मागे घरी आले. बोरिवलीच्या माणसाने आयुष्यभर जे केले, तेच यांनी तिथे केले होते. त्या रेघेत माणूस कुठे थांबला ते सारे होते. का थांबला ते काहीच नव्हते. त्याबद्दल यांना विचारण्याआधी आम्ही दोघींनी निकाल देऊन टाकला होता, याची लाज मला अजून वाटते.

तरीही भीती एका स्पष्टीकरणाने जात नाही. परत आल्यावर यांच्याच संमतीने आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नदीची गोष्ट हसून ऐकली, पण प्रश्न सगळे घरचे विचारले. स्टेशनवरून घरी येताना कधी चुकता का? तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारता का? विजेचे बिल, बँकेचे काम पूर्वीसारखे जमते का? अनोळखी ठिकाणी रस्ता चुकणे कोणालाही होते. ओळखीच्या वाटेवर चुकू लागणे हे मात्र दुर्लक्षून चालत नाही, असे ते म्हणाले. थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी त्यांनी करून घेतली, कारण या दोहोंच्या कमतरतेनेही स्मरण मंदावते आणि त्यावर उपचार आहेत. यांचे ब-१२ कमी निघाले. आमच्यासारख्या शाकाहारी घरात ते नवलाचे नाही. इंजेक्शने झाली. त्या दिवसाचा आणि याचा संबंध नाही, हेही डॉक्टरांनी मला दोनदा बजावले.

आता यांच्या पिशवीत बॅटरी भरण्याची छोटी पेटी असते आणि खिशात चिठ्ठी. उद्यानात चिठ्ठीची काहीच गरज नाही, तरी असते. गेल्या रविवारी सकाळी सातला निघाले. टिंब प्रवेशद्वारातून आत गेले, चढाला लागले, आणि नेहमीच्या वळणापाशी थांबले. शेवटची नोंद सात वाजून बेचाळीस मिनिटांची. मी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि पोहे भिजवायला घेतले.