चाळिसाव्याची देग

अम्मा गेली त्याला आता बारा वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी जियारत झाली, कुराणखानी झाली. पाहुणे पांगले आणि थोरल्या मामूंनी आम्हा चार भावंडांपुढे विषय काढला, ''चाळिसाव्याला किती देगी चढवायच्या?''

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अब्बा लवकर गेले. अम्मानं शिलाई मशीन चालवून आम्हाला वाढवलं. तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. तिच्या मशीनच्या खणात आम्हाला एक चाळीस पानी वही सापडली होती. तोडक्यामोडक्या अक्षरांत नोंदी : 'पुस्तकं १२०', 'गणवेश २१०', 'परीक्षा फी ३००'. वर्षानुवर्षांच्या. हे पैसे कुणासाठी दिले, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमच्या फिया तर तिनं कधी मांडून ठेवल्या नव्हत्या. म्हणजे ही पोरं दुसऱ्यांची होती.

आम्ही ठरवलं, जेवणावळीचा पैसा मुलींच्या शिक्षणाला द्यायचा आणि त्याच दिवशी मोहल्ल्यालाही हात पुढे करायला सांगायचं. मामू भडकले. ''माँ का चालीसवां बी ना करे तो लोकां क्या बोलेंगे?''

मौलाना म्हणाले, ''चाळिसावा फर्ज नाही. माणूस गेल्यावर तीन गोष्टी त्याच्या कामी येत राहतात, असं सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे. सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारं इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद.'' मग त्यांनी बजावलं, ''जकातीचा पैसा वेगळा ठेवा. ती कुणाला द्यायची, ते सूरे तौबामध्ये ठरवून दिलंय. हकदाराच्याच हाती पडली पाहिजे.'' म्हणून आम्ही दोन डबे केले. एक जकातीचा, एक सदक्याचा.

तरी मामू ऐकेनात. शेवटी आमची धाकटी बहीण म्हणाली, ''मामू, तुम्ही कोल्हापूरच्या मुस्लिम बोर्डिंगात राहून शिकलात. शाहू महाराजांनी १९०६ साली ते काढलं, तेव्हा लोकांनी पैसा देगीतच घातला असता, तर तुम्ही मास्तर झाला असता का?'' मामू बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ''एक देग तरी चढवा.'' एकच चढली. खाना-दालचा. पहिली पंगत यतीम मुलांची.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. आणि तिथं आमची चूक झाली. माइकवरून नावं पुकारली की आकडा वाढतो, असं कुणी तरी सुचवलं आणि आम्ही मान डोलावली. ''अमुक साहेबांकडून एक हजार एक!'' आकडा खरंच चढू लागला. आम्हीही खूश होतो. तेवढ्यात घरोघरची भांडी घासणारी एक खाला पदराची गाठ सोडत पुढं आली. माइकवर पाच हजारांचा पुकारा झाला. तिनं गाठ पुन्हा बांधली आणि ती मागं वळली.

आम्हाला अम्माची बिननावाची वही आठवली. उघड दिलेलं दानही चांगलंच. पण गुपचूप गरिबापर्यंत पोचवलेलं त्याहून चांगलं, हे कुराणात वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, इतकंच! आम्ही माइक बंद केला. दोन्ही डबे उचलून घराच्या मागच्या दाराशी, चुलीजवळ नेऊन ठेवले.

मग बाया येऊ लागल्या. कुणी दहा टाकले, कुणी पन्नास. ती खालाही आली. सदक्याच्या डब्यात वीस रुपये टाकून हळूच म्हणाली, ''माझ्या पोरीची दहावीची फी तुमच्या अम्मानं भरली होती. कुणाला सांगू नको म्हणाली होती.'' आणि अम्मा गेल्यानंतर पहिल्यांदाच आम्ही मोठ्यानं रडलो.

त्या दिवशी ४६,७८० रुपये जमले. तेव्हापासून दर वर्षी अम्माच्या बरसीला डबे मागच्या दाराशी ठेवतो. २००९ च्या कायद्यानं आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत झालं. खरी कसोटी नववीपासून लागते. नेमक्या तिथंच घरचे म्हणतात, आता बस झालं. गेल्या वर्षी पैसा पुरला नाही. तीन मुलींना 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणावं लागलं. त्यांतली एक पुन्हा आलीच नाही. ते अजून सलतं.

मामू आता थकलेत. देग एकच का, ही त्यांची कुरकुर सुरूच असते. पण डब्यात पहिली नोट त्यांचीच पडते. अम्माच्या वहीची चाळीस पानं केव्हाच संपली. आम्ही तिला दुसरी वही जोडली आहे. तिच्यातही रकमा आहेत, नावं नाहीत.