रंग कपाटाला, धीर आपल्याला

मैत्रिणींनो, आमच्या भोंगवलीच्या घरी ओट्याखालचा सनमायका कळकट झाला, तेव्हा ‘नवंच करून घेऊ’ असं हे म्हणाले. पण फळ्या भक्कम होत्या, आणि लेकीची कॉलेजची फी तोंडावर आली होती. मी म्हटलं, रंगवून बघू या!

सनमायका गुळगुळीत; रंग त्यात मुरत नाही. म्हणून आधी फोडणीचा चिकटा धुण्याच्या सोड्याने काढा, स्वच्छ पाण्याने पुसा. वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवा. धूळ टिपून सनमायक्यावर धरणारा प्रायमर द्या. मग ऑइलपेंटचे 2 पातळ हात, मध्ये एक दिवस जाऊ द्या. खिडक्या उघड्या ठेवा, पावसाळा मात्र टाळा. पुढे 15 दिवस घासाघीस नको.

फी वेळेवर भरली. आणि आता येणाऱ्याजाणाऱ्याला कपाटं कौतुकाने कोण दाखवतं? आमचे हेच, बरं का!