माझे विलायती खुराडे

मराठीचा प्राध्यापक आणि कोंबडी यांचा संबंध एरवी म्हणींपुरताच असतो. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे मी वीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. पण झाकण्यासाठी म्हणून कधी कोंबडे हाती धरले नव्हते. तो योग इंग्लंडात यायचा होता.

२०२२ साली आमच्या सौभाग्यवतींना लेस्टरच्या एका इस्पितळात नोकरी मिळाली आणि मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेऊन त्यांच्यामागून गेलो. व्हिसाच्या कागदांत माझा हुद्दा ‘अवलंबित’ असा होता. या शब्दाचा विग्रह मला येत होता. त्याची चव तेथे कळली. सकाळी ही कामावर जाई आणि मी खिडकीशी बसून पावसाची हजेरी घेई.

माझी ही अवस्था पाहून शेजारच्या वृद्ध बाईंनी कोंबड्या पाळण्याचे सुचवले. तिकडे धंद्यातली कोंबडी साधारण बहात्तर आठवड्यांची झाली, अंडी थोडी घटली, की तिची रवानगी खाटिकखान्यात होते. काही संस्था अशा कोंबड्या सोडवून घरोघर देतात. मी तीन आणल्या. उत्पन्न घटले म्हणून नामंजूर झालेल्या त्या तिघी आणि बिनपगारी मी! आमची ओळख पटायला वेळ लागला नाही.

पिंजऱ्यात वाढलेल्या त्या बिचाऱ्यांना अंगावर पुरती पिसे नव्हती, तुरे फिकट होते, आणि संध्याकाळ झाली की खुराड्यात शिरायचे असते हेही ठाऊक नव्हते. एकेकीला उचलून आत ठेवावे लागे. ‘डालणे’ हे क्रियापद मी अनेकदा फळ्यावर लिहिले होते. ते चालवले मात्र लेस्टरला, दोन्ही हातांनी. तिकडे कोल्हे भर शहरात हिंडतात. पातळ जाळी ते दातांनी तोडतात, म्हणून जाळी जाड तारेची हवी. ते उकरतात, म्हणून ती पायथ्याशी जमिनीवर हातभर पसरलेलीही हवी. एक रात्र दार उघडे राहिले की खेळ आटोपला. त्यामुळे तिथल्या मुक्कामात एकही संध्याकाळ मला ‘आज काय करावे?’ असा प्रश्न पडला नाही.

आणि सोवळे! आपल्या आजीबाईंनी हात टेकावेत असे. २००१ साली लाळ्या-खुरकताच्या साथीत तेथे साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. तेव्हापासून स्वयंपाकघरातले उरलेसुरले कोंबड्यांना घालणे हा गुन्हा आहे. बागेतले कोबीचे पान थेट घातले तर चालते. तेच स्वयंपाकघरातून फिरून आले की बाटले! दूधही वर्ज्य असलेल्या घरांना तेवढी सूट आहे. आमच्याकडे चहाच दिवसातून चारदा होई. तेव्हा शिळी पोळी मीच खाल्ली.

७ नोव्हेंबर २०२२ पासून बर्ड फ्लूमुळे साऱ्या इंग्लंडातील पाळीव कोंबड्यांना कोंडून ठेवण्याचा हुकूम सुटला. तो उठला १८ एप्रिल २०२३ ला. त्याच सुमारास तिघींची पिसे गळू लागली. अंडी धरण्यासाठी कोंबडीला चौदा तासांचा तरी उजेड लागतो. डिसेंबरात लेस्टरला आठ तासही मिळत नाही. अंडी बंद झाली. धान्याचा खर्च मात्र चालू होता, आणि तो सौभाग्यवतींच्या पगारातून होई. एका रात्री मी भीतभीत विषय काढला. ती म्हणाली, “अहो, अंडी नाहीत तर नाहीत. खाऊनपिऊन राहू देत ना!” हे वाक्य कोंबड्यांपुरतेच होते की त्याची व्याप्ती अधिक होती, याचा खुलासा मी मागितला नाही.

वसंतात नवी पिसे आली, अंडी आली. उन्हात त्यांचे पिवळे पाय पाहताना एक गोष्ट आठवे. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण पायांचा हा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. तो राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीचा रहिवासी. म्हणजे या गोऱ्यांच्या देशात माझ्याआधी येऊन रुळलेले कुणीतरी होतेच!

१ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळणाऱ्यालाही तेथे सरकारदरबारी नोंद करावी लागते. मी अर्ज भरला. दोन वर्षे ‘अवलंबित’ असलेल्या माणसाचे नाव प्रथमच ‘पाळणारा’ या रकान्यात लागले. सौभाग्यवतींनी तो कागद नीट जपून ठेवला आहे.

त्याच नाताळाच्या आधी आम्ही परतलो. कोंबड्या शेजारीणबाईंकडे गेल्या, नोंदही त्यांच्या नावावर झाली. परवा त्यांचे पत्र आले. एक कोंबडी म्हातारपणाने गेली. दुसरी आठवड्याला एखादे अंडे देते, तिसरी मुळीच देत नाही. दोघींचाही मुक्काम अर्थातच कायम आहे.