दोन किनारे आणि एक घाणेवाडी

जालन्याच्या माणसाला समुद्राविषयी मत विचारणे म्हणजे मालवणच्या माणसाला ज्वारीच्या हुरड्याविषयी विचारण्यासारखे आहे. तो मत देईल; पण त्या मताला किंमत किती द्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे गाव समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर आत. कुंडलिका नदी, मोती तलाव आणि निजामाच्या काळी बांधलेला घाणेवाडीचा तलाव, एवढीच आमची जलसंपत्ती. असे असूनही गेल्या वर्षी आमच्या चिरंजिवांनी समुद्रकाठची दोन शहरे माझ्यापुढे ठेवली आणि म्हटले, "अण्णा, दुबई की मस्कत, तुम्हीच ठरवा. कारण तुम्हालाही तिथंच राहायचंय."

सारी मेख त्या शेवटच्या वाक्यात होती. सौभाग्यवती गेल्यापासून जुन्या जालन्यातल्या वाड्यात मी एकटा. मुलाला नोकरी दोन्हीकडे मिळत होती. त्याचा ओढा मस्कतकडे, सूनबाईंचा दुबईकडे. तेव्हा निर्णायक मत माझे! जन्मभर शाळेत पोरांना 'योग्य पर्याय निवडा' म्हणून दरडावले, त्याचे हे फळ.

डिसेंबरात आम्ही निघालो. देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठायला अख्खी रात्र गेली. पुढे समुद्र ओलांडायला मात्र तीन तासही पुष्कळ झाले. परदेश जवळ आणि मुंबई लांब, हा भूगोल मी शाळेत कधी शिकवला नव्हता.

दुबई पाहून डोळे दिपतात, यात शंका नाही. २०१० साली खुला झालेला बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच. वर पाहताना टोपी पडते. मला आवडला तो जुना खाडीकाठ. एका दिरहमात लाकडी होडी पलीकडे नेते. जुमेराच्या किनाऱ्यावर वाळू पांढरी, पाणी निळे, मागे इमारतींची रांग. सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, दवाखाना, शाळा, विमान, सगळं हाताशी आहे इथं." त्यांचे खोटे नव्हते. मी तासभर बसून राहिलो. मला कुणी हटकले नाही आणि कुणी विचारलेही नाही. हा शहराचा दोष नव्हे. धावणाऱ्याला म्हाताऱ्याकडे पाहायला सवड कुठून असणार?

नंतर मस्कत. इथले उघडे, तपकिरी डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेले. वैशाखात भोकरदनकडून अजिंठ्याची रांग दिसते ना, अगदी तशी कळा! घरे ठेंगणी, पांढरी. बंदरावर पोर्तुगीजांचे दोन किल्ले. १५०७ ते १६५० पर्यंत ते इथे ठाण मांडून होते. आणखी एक गंमत कळली. रिझर्व्ह बँकेने आखातासाठी १९५९ साली काढलेला वेगळा रुपया दुबईत १९६६ पर्यंत आणि मस्कतेत १९७० पर्यंत चालत होता. आमच्या जालन्यात निजामाचा हाली शिक्का चाले, तेव्हाही मस्कतेत हिंदुस्थानचा रुपया खणखणत होता!

कुरुमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत पोरे चेंडू खेळत होती. एक म्हातारा कोळी शेजारी येऊन बसला आणि हिंदीत म्हणाला, "बंबई?" मी म्हटले, "जालना." त्याने समजल्यासारखी मान हलवली. तेवढ्यानेही बरे वाटले.

पण कौल दिला तो समुद्राने नव्हे. दोन्ही शहरे समुद्राचेच खारे पाणी गोडे करून पितात. तोटी सोडली की धार. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या आणि मोसंबीच्या बागा वाळताना पाहिलेल्या माणसाला ती धार पाहून चोरट्यासारखे होते. मस्कतहून सुमारे दीडशे किलोमीटरवर निझवा आहे. तिथे मी 'फलज' पाहिला. डोंगरापोटीचे पाणी जमिनीखालून, पाटातून शतकानुशतके गावात आणलेले; आमच्या औरंगाबादेत मलिक अंबरने आणलेल्या नहरीचे जणू थोरले भावंड. असे पाच फलज २००६ साली जागतिक वारसा ठरले. आधी पिण्याचे पाणी, मग मशिदीचे, मग शेताचे. आणि शेताची पाळी दिवसा सावलीवर, रात्री ताऱ्यांवर मोजायची. पाण्याची पाळी! हा शब्द मला समुद्राहून ओळखीचा.

मी म्हटले, "मस्कत."

धोके दोन्हीकडे आहेत. जून २००७ मध्ये गोनू वादळाने मस्कत झोडपले, एप्रिल २०२४ मध्ये एका दिवसाच्या पावसाने दुबई बुडवली. सूनबाई दोन दिवस अबोल होत्या. मग दुबई मोटारीने पाचेक तासांवर आहे, हे त्यांनीच शोधून काढले आणि वर्षातून दोन फेऱ्या कबूल करून घेतल्या.

आता दिवाळी झाली की मी निघेन. वाड्याची किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली आहे. त्यांनी विचारले, "भावजी, तिकडं गेल्यावर इकडचं काय कळवू तुम्हाला?"

मी म्हणालो, "काही नको. नळाला पाणी आलं, की तेवढं कळवत जा."