मित्लाचा टॅको आणि पेरिस हिलचा तलाव

पुणे

चि. ओंकार,


मित्ला कॅफेतल्या ताटाचा फोटो पोचला, आणि त्याखालचा प्रश्नही: "आत्या, टॅको बेलवाल्याने हे इथूनच चोरलं म्हणतात, खरं का?" गुस्तावो अरेयानो या पत्रकाराचं 'टॅको यूएसए' माझ्या कपाटात आहे, तेव्हा विचारायला माणूस बरोबर गाठलास.

चोरलं असं मला म्हणवत नाही. लुसिया रॉद्रिगेझ या बाईंनी १९३७ साली माउंट व्हर्नन अ‍ॅव्हेन्यूवर मित्ला उघडलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोची ही पश्चिमेची बाजू म्हणजे तेव्हा सांता फे रेल्वेत राबणाऱ्या मेक्सिकन लोकांची वस्ती. मक्याची टॉर्टिया दुमडून कुरकुरीत तळायची, आत खिमा, वर चिरलेलं लेट्यूस, टोमॅटो आणि किसलेलं पिवळं चेडर. चेडर काही मेक्सिकोचं नव्हे. जे हाताशी मिळालं त्यातून बाईंनी चव बसवली, आणि 'अस्सल मेक्सिकन' कुठलं यावर वाद घालणाऱ्यांनी आधी ते खाऊन बघावं. (तू आत काय घालून खाल्लंस ते मी विचारत नाही. तुझ्या आईलाही सांगणार नाही.)

टॅको बेलवाल्या ग्लेन बेलची हॅम्बर्गरची टपरी समोरच होती. त्याच गावात मॅकडॉनल्ड बंधूही हॅम्बर्गर विकत होते, म्हणजे याला वेगळं काहीतरी हवंच होतं. मित्लासमोर लागणारी रांग तो रोज पाहायचा, आपली टपरी आवरली की तिथेच टॅको खायला जायचा. पुढे मित्लाच्या घरच्यांनीच त्याला स्वयंपाकघरात नेऊन कृती दाखवली, असं ते कुटुंब सांगतं. बेलची स्वतःची भर म्हणजे तारेचा साचा. त्यात बऱ्याच टॉर्टिया एका वेळी, आधीच तळून ठेवता यायच्या. टॅको १९ सेंटला. १९६२ साली डाउनीत पहिलं टॅको बेल निघालं, १९७८ साली पेप्सिकोने कंपनीच घेतली, आणि आता आपल्या पुण्यातल्या मॉलमध्येही पोरं तोच टॅको पनीर घालून खातात. कृती बाईंकडे राहिली, पैसा बेलकडे गेला. बाईंच्या घरच्यांनी दुकानांची साखळी काढायच्या फंदात न पडता आहे तेच नीट चालवलं, हे मला हिशेबापलीकडचं शहाणपण वाटतं. तुझ्या बाबाला वाटणार नाही.

पण या टॅकोपायी मित्लाची मोठी गोष्ट झाकली जाते, याचा मला राग येतो. त्याच गावात पेरिस हिल पार्कमध्ये नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव होता. कर सगळ्यांकडून घ्यायचे आणि मेक्सिकन वंशाच्या माणसांना मात्र पाण्यात उतरू द्यायचं नाही. मग ती माणसं अमेरिकेत जन्मलेली का असेनात. मुलं महायुद्धात लढत होती आणि धाकटी भावंडं कुंपणाबाहेर. मित्लात जेवायला जमणाऱ्या मंडळींतून एक संरक्षण समिती उभी राहिली. वृत्तपत्र चालवणारे इग्नासिओ लोपेझ, एक पाद्री आणि आणखी काही जण फिर्यादी झाले, डेव्हिड मार्कस वकील. प्रतिवादी खुद्द महापौर सेकोम, म्हणून खटल्याचं नाव 'लोपेझ विरुद्ध सेकोम'. १९४४ च्या फेब्रुवारीत न्यायाधीश लिऑन यांक्विच यांनी निकाल दिला: ही मनाई राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, तलाव खुला करा.

हे वाचताना महाड आठवल्याशिवाय मराठी माणसाला पुढे जाताच येत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, आणि त्यावरचा दावा मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १९३७ साली, म्हणजे लुसियाबाईंनी दुकान उघडलं त्याच वर्षी. दोन्हीकडे पाणी नगरपालिकेचंच होतं. योगायोगापलीकडे यातून काही ओढून काढू नकोस, दोन्ही अन्यायांची मुळं वेगळी आहेत. पण तुझ्या तिथल्या मित्रांना महाड सांगायचं झालं तर ही सुरुवात चांगली आहे.

तोच मार्कस लगेच पुढे ऑरेंज काउंटीतल्या शाळांविरुद्ध उभा राहिला. तिथे मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवत. 'मेंडेझ विरुद्ध वेस्टमिन्स्टर' हा तो खटला. मुलांच्या बाजूने लागलेला निकाल वरच्या न्यायालयाने १९४७ मध्ये कायम केला, आणि त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी कॅलिफोर्नियातल्या शाळांमधला हा भेद कायद्याने संपवला. सात वर्षांनी देशभरच्या शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 'ब्राउन' खटल्याचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हेच वॉरन.

पुढच्या वेळी गेलास तर चिली रेयेनो मागव, चीज भरलेली मोठी मिरची असते. दुपारी जा, म्हणजे गर्दी कमी असेल आणि काउंटरवरच्या माणसाशी दोन शब्द बोलता येतील. टॅको बेलचं नाव काढू नकोस. ते ऐकून त्यांचे कान किटले असतील. तलावाचं विचार.

आणि हे पत्र बाबाला पाठव. साखळी न काढण्यावरून तो मला फोन करून भांडेल. बऱ्याच दिवसांत त्याचा फोन नाही.

तुझी,
शमाआत्या