टोकियोतला वरणभात

टोकियोच्या पूर्व भागात तोझाई मार्गाची गाडी भुयारातून वर येते, आराकावा नदीचा लांबलचक पूल ओलांडते आणि निशि-कासाई नावाच्या स्टेशनावर थांबते. येथे उतरून संध्याकाळी जवळच्या बागेत गेलात आणि पाठीमागून 'अगं, हळू! पडशील!' अशी हाक ऐकू आली, तर दचकू नका. टोकियोतल्या भारतीयांची सर्वांत दाट वस्ती याच एदोगावा विभागात आहे आणि तीत मराठी बिऱ्हाडेही आहेत.

ही वस्ती झाली कशी, त्याची हकीगत मोठी मौजेची आहे. सन २००० उजाडताना जगातल्या संगणकांचा सालाच्या आकड्यात घोळ होईल, अशी धास्ती होती. तो निस्तरायला जपानी कंपन्यांनी भारतातून संगणक-अभियंते बोलावले. कचेऱ्या ओतेमाची-निहोनबाशीकडे आणि तिकडे निशि-कासाईहून सरळ गाडी. पण जागेचे काय? जपानात भाड्याचे घर म्हटले की बहुधा जामीन आला, दलाली आली, शिवाय घरमालकाला 'रेइकिन' नावाची रक्कम द्यायची आणि ती परत मागायची नाही. मुंबईकराला पागडीच आठवावी! निशि-कासाईतल्या निमसरकारी इमारतींत मात्र यांतले काही लागत नव्हते. १९७८ पासून जपानात राहिलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी या तरुणांच्या मदतीला धावले. त्यांनी जागा मिळवून दिल्या, जेवणाची सोय केली. मागाहून बायकामुले आली, डाळी-मसाल्यांची दुकाने निघाली आणि २०१९ साली विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले.

आमच्या भाच्याचे बिऱ्हाड अशाच एका इमारतीत आठव्या मजल्यावर आहे. तो, भाचेसून आणि सात वर्षांची मुलगी. तीन आठवडे आम्ही त्यांच्याकडे राहिलो.

घरात शिरताच एक खालची पायरी लागते. तिला 'गेंकान' म्हणतात. जोडे तिथेच उतरवायचे. हे जपानी वळण आपल्याकडच्या कोणत्याही आजीला पसंत पडेल. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय आणि त्याच्या शेजारी कचऱ्याचे वेळापत्रक! एकादशी कधी ते एकात पाहायचे, बाटल्यांचा वार कोणता ते दुसऱ्यात. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, कागद-डबे-बाटल्या वेगळ्या. आणि ज्याचा त्याचा वार गाठून सकाळी आठच्या आत खाली नेऊन ठेवायचा.

नव्या बिऱ्हाडकरूने समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची दोन घरे आपली मानावीत, अशी तिथली जुनी रीत आहे. राहायला येताच त्यांना एखादा रुमाल, साबण अशी बारीकशी भेट द्यायची. भाचेसुनेने रुमालांबरोबर बेसनाचे लाडू नेले आणि कुकरच्या शिट्ट्यांबद्दल आधीच सांगून ठेवले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजीबाई पिशवीभर पर्सिमॉनची फळे घेऊन दारात हजर! रिकामे भांडे परत करू नये, हे त्यांनाही ठाऊक असावे.

आता जेवणाविषयी. भाचेसून सांगत होती, "मामी, येताना बॅगेत निम्मे तांदूळ भरले होते. उगीच!" जपानी तांदूळ आखूड आणि चिकट, पुलाव त्याचा मुळीच होत नाही, पण मऊ वरणभाताला आंबेमोहोराचा भाऊच. 'जोशिन्को' नावाच्या तांदळाच्या पिठीची उकड सुरेख निघते. गणपतीचे मोदक तिचेच होतात. अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे शिजवून, साखर घालून घोटलेले सारण मिठायांत भरतात. ते चाखल्यावर पुरणाची आठवण न होणारा मराठी माणूस विरळाच.

मग अडते कुठे? अडते ते सारापाशी. बोनिटो मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा खडखडीत होईपर्यंत वाळवतात आणि त्याचे रंध्याने काढावे तसे तलम पापुद्रे काढतात. ते आणि कोम्बू नावाची समुद्री वनस्पती यांपासून 'दाशी' हे सार निघते. जपानी स्वयंपाकाचा पाया हाच. सूपात दाशी, भाजीत दाशी, शेवयांच्या पाण्यात दाशी. मासा कुठे दिसत नाही, पण असतो सगळीकडे. भाचेसुनेने जपानी लिपीतली पहिली तीन अक्षरे शिकली ती 'का', 'त्सु' आणि 'ओ'. कात्सुओ म्हणजे तो मासा! दुकानात प्रत्येक पुडा उलटा करून ती आधी ही तीन अक्षरे शोधी.

गंमत अशी की त्याच देशात बौद्ध मठांचा 'शोजिन' स्वयंपाक पूर्ण शाकाहारी असतो. दाशी कोम्बूची आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची, कांदा-लसूणही वर्ज्य. आपला चातुर्मासच म्हणा ना! भाचेसुनेने ती दाशी आत्मसात केली आणि घरचा प्रश्न सुटला.

शाळेचा सुटेना. जपानात शाळेतल्या जेवणाचा कायदा १९५४ सालचा. मुले पाळीपाळीने पांढरी टोपी आणि एप्रन घालून वर्गात वाढतात आणि सगळ्यांनी एकच जेवण जेवायचे. महिन्याचा बेत आधी छापून घरी येतो. हिला डबा न्यायची परवानगी होती. त्या बेताबरहुकूम आई पहाटे उठून तसाच दिसणारा शाकाहारी पदार्थ करी. शाळेत करी-भात, तर डब्यात भाज्यांची करी आणि भात.

एके दिवशी डबा भरलेलाच परत आला. पोर म्हणाली, "मला कुणी हसत नाही गं. पण माझी पाळी असते तेव्हा मी सगळ्यांना वाढते आणि मग माझं माझं वेगळं काढून बसते."

त्या रात्री घरात मोठी चर्चा झाली. पुण्यात वसतिगृहात बिनदिक्कत अंडी खाणारा आमचा भाचा सर्वांत कडक निघाला! अखेर ठरले ते असे : मासा नको, मांस नको, ते असेल त्या दिवशी डबा, पण नुसती दाशी असलेले सूप नि भाजी शाळेत सर्वांबरोबर खावी. घरी मात्र आपले आपले.

राहिला नाशिकच्या आजीचा प्रश्न. तिथे सकाळचे सात म्हणजे टोकियोत साडेदहा. रविवारी भाच्याने फोन लावला आणि घसा खाकरून सगळी बाजू मांडली. आजी शांतपणे ऐकत होत्या.

"पोट भरतं का तिचं?" त्यांनी विचारले.

"हो."

"मग मला कशाला विचारता?" आणि लगेच, "फोन तिच्याकडे दे."

नातीने त्यांना वाढपाची टोपी कशी घालतात ते पाच मिनिटे सांगितले.

धर्म राखायचा की मुलीला पंगतीत बसवायचे, हा निवाडा करायला परक्या मुलखात कोणी पंडित येत नाही. तो रोजच्या रोज ओट्यापाशीच करावा लागतो आणि बहुधा घरची बाईच तो करते. त्या घरात वरणभात आजही तसाच आहे. त्याला फक्त पाहुणे वाढले आहेत. शेजारच्या आजीबाई साजूक तूप मागून घेतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

तुमची मुले परदेशी असतील तर गोडा मसाला खुशाल बांधून द्या, भाजणीही द्या. फोनवर 'काय जेवलीस?' हेही जरूर विचारा. पण कधीमधी 'कोणाबरोबर जेवलीस?' असेही विचारीत जा.