सोमवार सोडून कधीही

मुंबईला जायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली. दादरच्या साड्या, एखादं लग्न नाहीतर दवाखाना, मुलं बरोबर असली तर गेटवे आणि राणीची बाग. या यादीत आणखी एका ठिकाणाची भर घाला, असं मी हक्कानं सुचवणार आहे. ते म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय.

फोर्टात रीगल सिनेमाच्या चौकात, पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमसमोर ही दगडी इमारत आहे. गेटवेचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेट यांनीच १९११ साली हा कावसजी जहांगीर हॉल बांधला. एके काळी इथं सभा नि मैफली गाजायच्या. पुढे त्याची रया गेली. मग आतून नवी रचना होऊन १९९६ साली इथं संग्रहालय सुरू झालं. जिना चढत जावं, एकावर एक अर्धगोल सज्जे लागतात आणि सगळ्यात वर घुमट!

"तिथं जाऊन तुला काय कळणार?" असं आमच्या घरीही विचारलं गेलं होतं. तरी २०१९ साली प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा शेजारच्या वहिनींना घेऊन मी गेलेच. बरवे मूळचे रायगड जिल्ह्यातल्या नागावचे. विणकर सेवा केंद्रात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली, म्हणजे हातमागाच्या कापडाशी रोजचा संबंध. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, किल्ली, फळ अशा साध्याच वस्तू, पण मोकळ्या जागेत एकमेकींपासून दूर दूर ठेवलेल्या. वहिनी एका चित्रापुढून हलेचनात. शेवटी हळूच म्हणाल्या, "दुपारी सगळे बाहेर गेले ना, की माझं घर अस्संच दिसतं गं." बावीस वर्षांच्या शेजारात त्या स्वतःबद्दल एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

म्हणून म्हणते, नुसती चित्रं पाहून परतू नका. अशा ठिकाणी व्याख्यानं होतात, जाणकारांबरोबर चित्रं पाहत फेरी असते, सुट्टीत मुलांच्या कार्यशाळा असतात. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो. त्या सुमारास बऱ्याच संग्रहालयांत खास कार्यक्रम ठेवतात, आणि शाळांनाही तेव्हा सुट्टीच असते. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पुढचे कार्यक्रम बघून घ्या, किंवा फोन करून विचारा. नावनोंदणी लागत असेल तर आधीच करावी.

दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या. सोमवारी संग्रहालय बंद असतं. चढउतार असल्यामुळे पायांत सपाट चपला हव्यात. खरेदी आधी उरकून पिशव्यांचं ओझं घेऊन जाऊ नका, उलट क्रम ठेवा. एका फेरीत सगळं पाहण्याचा हट्टही नको. पाच-सहा चित्रं निवांत पाहिली तरी पुष्कळ झालं. जवळच १९५२ सालची जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिथं डोकवायला पैसे पडत नाहीत.

आणि कार्यक्रमाला गेलात, तर कृपा करून शेवटच्या रांगेत बसू नका. मनात आलेला प्रश्न विचारून टाका. शाळेत मी मुलींना हेच सांगते, मग आपणच का मागं राहायचं?